‘जुन्या वळणाचा फॉन्ट’ म्हणजे नेमकं काय? एका पत्रिकेची गोष्ट आणि संशोधनाचा प्रश्न

आज लेसर, लेन्स आणि आमच्या लॅबमधलं बंद पडलेलं एसी यांना सुट्टी. आज एका निमंत्रणपत्रिकेबद्दल बोलू. विषय वेगळा वाटेल, पण पीएचडीची सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या प्रत्येकाने हा घोळ एकदा बघून घ्यावा, असं मला मनापासून वाटतं.

झालं असं, की आमच्या मालवणच्या घरी आजीचं सहस्रचंद्रदर्शन ठरलं. माणसाने आयुष्यात हजार पौर्णिमा पाहिल्या की हा सोहळा करतात. एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत सरासरी २९.५३ दिवस, म्हणजे हजार पौर्णिमांना साधारण ८० वर्षं १० महिने. हिशोब मी केला, म्हणून पत्रिकेचं कामही माझ्याच गळ्यात पडलं. ‘तू रिसर्च करतेस ना, मग बघ जरा!’ घरच्या ग्रुपवर सगळ्यांचं एकमत होतं: पत्रिका ‘विंटेज’ हवी. काका म्हणाले, जुन्या पत्रिकांसारखी. चुलतबहीण म्हणाली, एलिगंट. वहिनीने चार नमुने पाठवले. चारही एकमेकांपेक्षा पूर्ण वेगळे, आणि चारही तिच्या मते विंटेज.

मी एका रात्रीत पहिला मसुदा केला. क्रीम रंगाचा कागद, सोनेरी अक्षरं, बारीक रेघांचा वेलांट्या लांबवलेला फॉन्ट. मला तर फारच आवडला. सकाळी प्रिंट आजीच्या हातात दिली. तिने ती लांब धरली, मग जवळ आणली, मग खिडकीशी गेली आणि म्हणाली, “दिसता बरा गो, पण वाचूक जमणा नाय.”

शेजारच्या काकी, आजीच्याच वयाच्या, त्यांनी तारीख वाचली. १९ होती, त्यांनी ११ वाचली. नऊच्या पोटातली गाठ त्या फॉन्टमध्ये एवढी नाजूक होती की सोनेरी शाईत ती विरूनच गेली.

तेव्हा लक्षात आलं, की हा हौसेचा मामला नाही. ज्यांना बोलवायचं आहे त्यातल्या निम्म्या बायका आजीच्या शाळेतल्या, माहेरच्या गावातल्या. कोणी आचऱ्याला, कोणी वेंगुर्ल्याला, कोणी मुलाकडे डोंबिवलीला. काहीजणींची भेट होऊन कित्येक वर्षं झालीत. त्यातली एक जरी तारीख चुकीची वाचून आली, किंवा वाचताच न आल्यामुळे आलीच नाही, तर ‘पुढच्या वेळी भेटू’ असं म्हणायची सोय या वयात फारशी उरत नाही.

म्हणून मी मसुदा बाजूला ठेवला आणि जे लॅबमध्ये करते तेच इथे केलं.

पायरी १: विशेषण मोडा

‘विंटेज’, ‘एलिगंट’, ‘जुन्या वळणाचा’ ही सगळी विशेषणं आहेत. विशेषण मोजता येत नाही. प्रपोजलमध्ये आपण ‘प्रभावी पद्धत’, ‘शाश्वत विकास’, ‘पारंपरिक ज्ञान’ असं बिनधास्त लिहितो, आणि गाईड लाल पेनाने एकच प्रश्न विचारतात: म्हणजे काय? तोच प्रश्न इथे. जुनं म्हणजे कधीचं?

मराठी छपाईत ‘जुनं’ हे एक नाही, निदान चार-पाच आहेत.

पहिलं, शिळाछापाचं. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये मराठी पंचांग छापलं ते दगडावर लिहून. म्हणजे त्यात खिळे नव्हते, माणसाचं हस्ताक्षरच छापलं जात होतं. हे ‘जुनं’ हवं असेल तर सुलेखनाकडे जायला हवं, फॉन्टकडे नाही.

दुसरं, शिशाच्या खिळ्यांचं. इथे एक नाव पाठच करा: निर्णयसागर. जावजी दादाजींनी १८६४ मध्ये मुंबईत टाइप फाउंड्री सुरू केली आणि १८६९ मध्ये छापखाना. अक्षरांचे मूळ पोलादी ठसे कोरणारे कारागीर होते राणूजी रावजी आरू. निर्णयसागरचे खिळे इतके नेटके होते की पुढे कित्येक दशकं संस्कृत-मराठी ग्रंथ म्हटलं की डोळ्यांसमोर तेच वळण यायचं. आपल्या घरातल्या जुन्या पोथ्या बघा, त्यातल्या कितीतरी याच वळणाच्या असतात.

तिसरं, लिपिसुधारणेच्या काळातलं. सावरकर १९२४ ते १९३७ रत्नागिरीत स्थानबद्ध होते, आणि तेव्हा आपला सिंधुदुर्ग रत्नागिरी जिल्ह्यातच होता (वेगळा झाला १ मे १९८१ ला). त्यांनी ‘अ’च्या बाराखडीचा पुरस्कार केला: इ, ई, उ ऐवजी अि, अी, अु. ‘किर्लोस्कर’सारख्या मासिकांनी ती प्रत्यक्षात वापरली. आज ‘अितिहास’ असं छापलेलं दिसलं की लगेच एक ठरावीक काळ आठवतो. म्हणजे इथे जुनेपणा अक्षराच्या सजावटीत नसून लिहिण्याच्या पद्धतीत आहे.

चौथं, गावातल्या ट्रेडल मशीनवर छापलेल्या लग्नपत्रिकांचं. आजीच्या ट्रंकेत अशा तीन पत्रिका सापडल्या. पिवळा कागद, लाल शाई, वर गणपतीचा तयार ब्लॉक, कोपऱ्याला हळदीकुंकवाचं बोट. जुळाऱ्याकडे जेवढे खिळे होते तेवढ्यातच काम भागवलेलं, त्यामुळे एकाच पत्रिकेत तीन मापांची, दोन वळणांची अक्षरं.

आणि पाचवं, हाताने रंगवलेल्या पाट्यांचं. लोकलच्या स्टेशनांवरची, एसटी स्टँडवरची, दुकानांवरची ठसठशीत अक्षरं. मुंबईत गिरणीत काम करून गणपतीला गावी येणाऱ्या चाकरमान्यांच्या आठवणीतलं ‘जुनं’ बहुतेक हेच.

वहिनीचे चार नमुने आता उलगडले. एक पोथीचा, एक पाटीचा, दोन चक्क इंग्रजी व्हिक्टोरियन पत्रिकांवरून उचललेले. भांडण आवडीचं नव्हतंच. प्रत्येकजण वेगळ्या काळाबद्दल बोलत होता. आम्ही ठरवलं: आजीच्या लहानपणी तिच्या हातात जे छापील मराठी पडलं असेल, ते आपलं ‘जुनं’. म्हणजे निर्णयसागरी वळणाची पुस्तकं आणि ट्रंकेतल्या पत्रिका. एवढं ठरल्यावर अर्धं काम झालं.

पायरी २: दिसणारी, तपासता येणारी लक्षणं लिहा

आता पुढचा प्रश्न. एखादा फॉन्ट त्या काळाचा वाटतो तो कशामुळे? मी जुनं पान आणि आजचं पान शेजारी ठेवून भिंगाने बघितलं आणि यादी केली.

*जाड-बारीक रेघांचं नातं.* देवनागरीचं मूळ वळण बोरूचं. बोरूचं टोक तिरकं कापतात, आणि हा काप रोमन लिहिणाऱ्या चपट्या निबेच्या कलाच्या साधारण उलट्या दिशेला असतो. म्हणून जाड भाग कुठे येणार आणि बारीक कुठे, हे दोन्ही लिप्यांत वेगळं. रोमन ‘विंटेज’ फॉन्टचा जाड-बारीकपणा जसाच्या तसा देवनागरीवर चढवला की अक्षर ओळखीचं असूनही परकं वाटतं. माझ्या पहिल्या मसुद्यात नेमकं हेच झालं होतं.

*जोडाक्षरांची मांडणी.* हाताने खिळे जुळवायच्या काळात क्त, द्ध, ह्म, द्व अशी जोडाक्षरं एकसंध किंवा एकाखाली एक असत, कारण त्यांचे स्वतंत्र खिळे होते. पुढे टंकलेखनयंत्र आणि यंत्रजुळणी आली. कळा मोजक्या, त्यामुळे जोडाक्षरं मोडून आडवी झाली, हलन्ताचा वापर वाढला. म्हणून कुठल्याही वेलबुट्टीपेक्षा एक नीट जोडलेला ‘द्ध’ पानाला जास्त जुनेपण देतो. हे मला खरंच माहीत नव्हतं.

*ल, श आणि अंक.* मराठीतला पाकळीचा ल आणि देठाचा श आपल्या डोळ्यांना घरचे वाटतात. हिंदी वळणात ल दंडाचा आणि श शेंडीफोड्या येतो. ५, ८, ९ यांची वळणंही जुन्या छपाईत प्रांताप्रमाणे बदलत. गंमत म्हणजे युनिकोडमध्ये दोन्ही ‘ल’चा संकेतांक एकच आहे. कोणता आकार दिसणार हे फॉन्ट ठरवतो, किंवा मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी निवडली असेल तर फॉन्टमधला मराठी पर्याय जागा होतो. आम्ही सॉफ्टवेअरमध्ये भाषा हिंदी ठेवलेली असते आणि फॉन्टला शिव्या घालत बसतो.

*ऱ्या.* हे खास मराठीचं. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या. आमच्या पत्रिकेत ‘दर्याकाठच्या घरी साऱ्यांनी यावे’ असं वाक्य होतं, म्हणजे एकाच ओळीत दोन्ही र. फक्त हिंदी डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या काही फॉन्टमध्ये हा ऱ नीट जोडला जात नाही, खाली टिंब असलेला र आणि हलन्त असं काहीतरी विचित्र दिसतं.

या चार लक्षणांपैकी प्रत्येकाला ‘आहे की नाही’ असं उत्तर देता येतं. विशेषणाचं असं लक्षणांत रूपांतर करण्याला संशोधन पद्धतीच्या पुस्तकात कार्यात्मक व्याख्या म्हणतात. नेटच्या पेपरला ही व्याख्या आपण घोकतो. ती उपयोगाची आहे हे मला आजीच्या पत्रिकेने पटवलं.

पायरी ३: उमेदवार आणि चाचणीची ओळ

फॉन्टची नावं बघून किंवा ‘अआइई’ लिहून फॉन्ट निवडू नका. आपलाच मजकूर टाका. आमची चाचणीची ओळ अशी होती: ‘श्री सातेरी प्रसन्न. सहस्रचंद्रदर्शन सोहळा. दर्याकाठच्या घरी साऱ्यांनी यावे. १२३४५६७८९०.’ यात श्र, स्र, द्र, र्श, ऱ्या, ळ आणि सगळे अंक आले.

मग मोफत आणि खुल्या परवान्याचे काही फॉन्ट घेतले.

तिरो देवनागरी मराठी: हा मूळचा मूर्ती क्लासिकल लायब्ररीच्या पुस्तकांसाठी केलेल्या अक्षरांवरून आलेला आहे आणि त्याची प्रेरणा निर्णयसागर व त्या काळातले धातूचे खिळे ही आहे. याची हिंदी, संस्कृत आणि मराठी अशी वेगळी रूपं आहेत, त्यामुळे ल आणि श आपोआप मराठी येतात. अडचण एकच, यात ठळक वजन नाही. तुम्ही ‘बोल्ड’चं बटण दाबलंत तर सॉफ्टवेअर अक्षराला नुसती सूज आणतं. मोठं दाखवायचं असेल तर माप वाढवा.

शोभिका: आयआयटी मुंबईत तयार झालेला, राज्य मराठी विकास संस्थेच्या यशोमुद्रा या फॉन्टवर आधारलेला. साधा आणि ठळक दोन्ही आहे. जोडाक्षरांचा साठा भरपूर. दिसायला पत्रिकेपेक्षा ग्रंथासारखा. ज्यांना मराठीत किंवा संस्कृतात प्रबंध लिहायचाय त्यांनी हे नाव लिहून ठेवा.

जैनी: एक टाइप या मुंबईच्या संस्थेचा, १५०३ सालच्या कल्पसूत्राच्या हस्तलिखितावरून केलेला. फार देखणा. पण आपल्या ठरलेल्या काळाच्या चारशे वर्षं मागे.

यात्रा वन: मुंबईच्या रेल्वेच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून. काकांचा जीव यात अडकला होता, कारण आजोबा मुंबईला होते. मथळ्याला ठीक, पण सहा ओळींचा मजकूर यात लावला की पत्रिका फलाटावर उभी असल्यासारखी वाटते.

रोझा वन: जाड-बारीक फरक टोकाचा. एका शब्दाला शोभतो, परिच्छेदाला नाही.

बघा, ‘कोणता सुंदर?’ या प्रश्नाला पाचही उत्तरं बरोबर होती. ‘आपण ठरवलेल्या काळाच्या लक्षणांना कोणता उतरतो?’ या प्रश्नाला दोनच उरले.

पायरी ४: वाचणाऱ्याचा डोळा हा पण व्हेरिएबल आहे

इथे माझा विषय आला. वयानुसार बाहुली लहान होत जाते आणि नेत्रभिंग पिवळसर, धूसर होतं. ढोबळ मानाने, साठीतल्या माणसाच्या नेत्रपटलावर विशीतल्या माणसाच्या एक तृतीयांशच प्रकाश पोचतो. आजी तर ऐंशीच्या पुढे. म्हणजे मी रात्री लॅपटॉपवर जे सोनं बघत होते, ते तिच्यापर्यंत पोचतच नव्हतं.

रंगांमधला फरक मोजता येतो. वेबपानांच्या सुगम्यतेच्या निकषांत एक गुणोत्तर वापरतात: फिकट रंगाची सापेक्ष दीप्ती अधिक ०.०५, भागिले गडद रंगाची दीप्ती अधिक ०.०५. साध्या मजकुराला हे किमान ४.५ असावं, मोठ्या अक्षरांना किमान ३. माझ्या मसुद्यातला क्रीम होता लाल-हिरवा-निळा २४५, २३०, २०० आणि सोनेरी १८४, १३४, ११. गुणोत्तर आलं साधारण २.६. मोठ्या अक्षरांनाही नापास! त्याच क्रीमवर गडद तपकिरी (७४, ३७, १७) टाकल्यावर साधारण १०.९. कागद तोच, जुनेपण तेच, पण अक्षर डोळ्याला लागलं. हे आकडे पडद्याचे आहेत. छापील शाईचा हिशोब वेगळा, म्हणून प्रत्यक्ष प्रिंट बघणं टळत नाही. पण नापास झालेली गोष्ट छापून बघायचा खर्च तरी वाचतो.

आता माप. ‘१४ पॉइंट ठेवलाय’ याला अर्थ नाही. एकाच १४ पॉइंटला दोन फॉन्टमधली अक्षरं वेगवेगळ्या उंचीची निघतात, कारण पॉइंट हे जुन्या खिळ्याच्या अख्ख्या ठोकळ्याचं माप आहे, अक्षराचं नाही. डोळ्याला कळतो तो कोन. गॉर्डन लेग आणि चार्ल्स बिगेलो यांनी २०११ मध्ये वाचनवेगावरचं संशोधन एकत्र करून दाखवलं, की रोमन लिपीत लहान अक्षराची उंची डोळ्याशी सुमारे ०.२ ते २ अंशांचा कोन करत असेल तर वाचन पूर्ण वेगाने होतं. ४० सेंटिमीटरवर ०.२ अंश म्हणजे सुमारे १.४ मिलिमीटर.

थांबा, हा आकडा लगेच उचलू नका. तो रोमन लिपीचा आणि निरोगी नजरेचा. देवनागरीत शिरोरेषेच्या वर मात्रा आणि वेलांट्या, खाली उकार आणि जोडाक्षरं. शिरोरेषेखालच्या भागाची तुलना रोमनच्या छोट्या अक्षराशी करायची हे माझं गृहीतक आहे. गृहीतक धरायला हरकत नाही, ते उघड लिहायला हवं. म्हणून मी सुरक्षित बाजूला राहून दुपटीहून थोडं जास्त घेतलं: शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत किमान ३ मिलिमीटर, छापून, पट्टीने मोजून. कालनिर्णयचं पान बाजूला ठेवून ताडून पाहिलं. ते सुरू करणारे जयंतराव साळगावकर मूळ आमच्या मालवणचे, आणि १९७३ पासून घराघरातल्या आज्या तिथी त्यातच वाचत आल्या आहेत. तारखेचा आकडा किती मोठा असावा हे त्यांना बरोबर कळलं होतं.

पायरी ५: लिटरेचर काय म्हणतं, आणि काय म्हणत नाही

फॉन्टचा स्वभाव आणि मजकुराचा स्वभाव जुळावा, या कल्पनेवर शंभर वर्षांपासून प्रयोग होतायत. १९२३ मध्ये पॉफेनबर्गर आणि फ्रँकन यांनी कोणत्या मालाला कोणतं अक्षर शोभतं हे लोकांना विचारून तपासलं. १९८९ मध्ये लुईस आणि वॉकर यांना दिसलं की शब्दाचा अर्थ आणि अक्षराचं रूप विसंगत असेल तर प्रतिसाद मंदावतो. म्हणजे ‘शोभणं’ ही नुसती चैन नाही.

पण मला थबकवलं ते २००८ च्या साँग आणि श्वार्त्झ यांच्या प्रयोगाने. व्यायामाच्या त्याच सूचना काहीजणांना साध्या एरियलमध्ये दिल्या, काहींना ब्रशच्या वळणाच्या अवघड फॉन्टमध्ये. हा व्यायाम करायला किती वेळ लागेल असं विचारलं. साध्या फॉन्टवाल्यांचा अंदाज सरासरी ८.२ मिनिटं, अवघडवाल्यांचा १५.१. वाचायला अवघड गेलं, तर काम करायलाही अवघड वाटलं.

यावरून ‘अलंकारिक फॉन्टमध्ये पत्ता लिहिला तर पाहुण्यांना आमचं घर लांब वाटेल’ असा निष्कर्ष काढायचा मोह मलाही झाला. तो निष्कर्ष नाही, ती फार तर गृहीतकल्पना. प्रयोग विद्यार्थ्यांवर होता, इंग्रजीत होता आणि विषय व्यायामाचा होता. एका लोकसंख्येवरचं उत्तर दुसरीवर चिकटवताना मध्ये किती पायऱ्या आहेत ते मोजा. व्हायवामध्ये नेमकं तिथेच अडकवतात.

पायरी ६: छोटी पायलट

दोन फॉन्ट, तिरो आणि शोभिका. दोघांत अक्षराची उंची सारखी (पॉइंट नाही, मिलिमीटर!), शाई सारखी, कागद सारखा. बदललं ते फक्त वळण. आजीच्या वयाच्या शेजारणींना घरच्याच उजेडात वाचायला दिलं. अर्ध्या जणींना आधी एक, अर्ध्यांना आधी दुसरा, कारण दुसऱ्यांदा वाचताना मजकूर पाठ झालेला असतो. आणि दुसऱ्या प्रतीत तारीख-वेळ बदललेली, म्हणजे आठवणीवर उत्तर देता येऊ नये.

‘कसं वाटतं?’ असं विचारलं नाही. पाहुण्यांना कोण वाईट म्हणेल? विचारलं, ‘कधी यायचंय? किती वाजता? कोणाकडे?’ उत्तर बरोबर की चूक एवढंच टिपलं.

दोन्ही फॉन्ट बऱ्यापैकी वाचले गेले. अडखळणं झालं ते फॉन्टमुळे नाही तर मांडणीमुळे: तारीख मजकुराच्या मध्ये दडलेली होती. म्हणजे मी ज्या व्हेरिएबलवर एवढी रात्र जाळली, त्याहून महत्त्वाचं व्हेरिएबल मी मोजतच नव्हते. तारीख, वेळ आणि ठिकाण वेगळ्या ओळींवर आणि मोठ्या मापात घेतल्यावर अडखळणं थांबलं. एवढ्याशा चाचणीवरून ‘तिरो आणि शोभिका सारखेच सुवाच्य’ असं मी कुठेही लिहिणार नाही. फरक दिसला नाही आणि फरक नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

शेवटी तिरो घेतला, कारण वाचनात दोघे आमच्या कामापुरते पुरेसे होते आणि ट्रंकेतल्या पत्रिकेशी त्याचं वळण जास्त जुळत होतं. आधी सुवाच्यतेची अट, मग सौंदर्याची निवड. हा क्रम उलटा केला की माझा पहिला मसुदा तयार होतो.

पायरी ७: प्रेसमध्ये सगळं परत तपासा

डिझाइन कितीही नीट असो, शेवटचा घात छपाईत होतो. आपल्याकडे अनेक प्रेसमध्ये अजून युनिकोडच्या आधीचे फॉन्ट चालतात. त्यात मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली असतात, त्यामुळे आपला मजकूर तिथे नेला की नुसती चिन्हांची खिचडी. मग तिथला माणूस मजकूर नव्याने टाइप करतो. आमच्याकडे तेच झालं. प्रुफात ‘सहस्र’चं ‘सहस्त्र’ झालेलं. हा त घुसणं इतकं सर्रास आहे की कोणाला खटकतही नाही. बरोबर शब्द सहस्र.

म्हणून तीन गोष्टी करा. मजकूर पक्का झाल्यावर अक्षरांच्या बाह्यरेषा करून पीडीएफ द्या, म्हणजे फॉन्ट बदलायचा प्रश्नच नाही. ज्या कागदावर छापणार त्याच कागदावर एक प्रत मागा, कारण हातकागद शाई पितो आणि बारीक रेघा पसरतात किंवा तुटतात. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची प्रत वेगळी करा. छापील पत्रिकेचा फोटो चार वेळा फॉरवर्ड झाला की नऊची गाठ पुन्हा विरते.

कडेला आम्ही सावंतवाडीच्या गंजिफांसारखी गोल नक्षी घेतली, पण चारच कोपऱ्यांत. बहिणीला अजून हवी होती. तिला म्हटलं, दशावतारी गंजिफेचा डाव १२० पानांचा असतो, सगळा एकाच पत्रिकेवर नको.

दुसरं प्रुफ आलं तेव्हा आजी पडवीत बसली होती. तिने चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत पत्रिका मोठ्याने वाचली, न थांबता. मग पत्रिका उलटी करून बघितली आणि विचारलं, “पाठीर काय नाय छापलास?” मागची बाजू कोरी होती. तिथे आता प्रत्येक पत्रिकेवर ती स्वतःच्या हाताने एक ओळ लिहितेय. त्या अक्षराचा फॉन्ट कुठेच मिळणार नाही.

आता तुमचं काम. तुमच्या सिनॉप्सिसचं पहिलं पान काढा आणि त्यातली विशेषणं अधोरेखित करा. प्रत्येकासमोर लिहा: कधीचं, कोणासाठी, आणि कशावरून कळेल? ज्या विशेषणापुढे तीनही उत्तरं लिहिता आली नाहीत, तो तुमचा सोनेरी फॉन्ट. दिसायला बरा, पण वाचायला जमणार नाही.